बागेला दुपारी कुलूप कशासाठी?

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले आणि तेहतीस वर्षांत पहिल्यांदा मला आमच्या कॉलनीची दुपार दिसली. तोवर सकाळ आणि संध्याकाळ तेवढी ओळखीची होती. साडेआठला डबा घेऊन बाहेर पडायचं, सातच्या सुमारास भाजीची पिशवी घेऊन परतायचं. या दोन वेळांच्या मध्ये कॉलनीत कोण असतं, कुठे बसतं, कुठे चार घास खातं, याची मला कल्पनाच नव्हती.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. सासूबाईंची औषधं आणायला साडेबाराला बाहेर पडले. या दिवसांत नाशिकला साडेबारा म्हणजे सूर्य थेट माथ्यावर. मे महिन्यात तर एक दिवस असा येतो की त्या वेळी सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच मिटते. आमच्या उद्यानाच्या कंपाउंडच्या भिंतीला तेव्हा वीतभर सावली होती. त्या वीतभर सावलीत चार बायका भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. पाय लांब केले की उन्हात जात होते, म्हणून पोटाशी धरलेले. चौघीही कॉलनीत धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या. एकीच्या डब्यात भाकरी आणि ठेचा, दुसरीच्या डब्यात सकाळच्याच कुठल्यातरी घरची उरलेली भाजी. पाण्याची बाटली एकच, ती चौघींत फिरत होती.

भिंतीच्या पलीकडे कडुनिंबाची नऊ मोठी झाडं आहेत, एक करंज आहे, दोन बकुळी आहेत. त्यांच्याखाली सिमेंटचे बाक आहेत. सगळे रिकामे. फाटकाला साखळी, साखळीला कुलूप आणि वर पाटी: उद्यानाची वेळ सकाळी ६ ते १०, सायंकाळी ४.३० ते ८.३०.

"आत का नाही बसत?" असं मी विचारलं आणि विचारता विचारताच मला कुलूप दिसलं.

"सावली आत हाये ना ताई, अन् बसणाऱ्या बाहेर," एकीनं उत्तर दिलं आणि ती पुन्हा जेवू लागली.

त्या चौघींपैकी एक माझ्या घरी अकरा वर्षं काम करते आहे. ती दुपारी कुठे जेवते, हे मी तिला अकरा वर्षांत विचारलेलं नव्हतं.

माझं म्हणणं साधं आहे. सार्वजनिक उद्यान पहाटेपासून रात्रीपर्यंत, मध्ये कुलूप न लावता, उघडं असलं पाहिजे. नाशिकमधलं तर हवंच, पण कोणत्याही शहरातलं. आणि ते उघडं ठेवण्याचं पहिलं कारण व्यायाम नाही, सुशोभीकरण तर नाहीच. माणसाला घटकाभर टेकायला सावलीची जागा लागते, हे पहिलं कारण आहे. हे इतकं उघड वाटतं की लिहायचीही गरज पडू नये. पण गेल्या काही महिन्यांत हा विषय जिथे जिथे काढला तिथे तिथे मला लोकांनी वेड्यात काढलं, म्हणून लिहिते आहे.

त्याच दिवशी साडेचारला कुलूप निघालं तेव्हा मी सासूबाईंना घेऊन बागेत गेले. खुब्याचं हाड मोडून त्यांची शस्त्रक्रिया झाली होती. अडीच महिने त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. घर ते बाग दोनशे पावलं. वॉकर टेकत, थांबत आम्हाला वीस मिनिटं लागली. आत शिरल्यावर त्यांनी कडुनिंबाच्या खोडावर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग बाकावर बसल्या. मी मोबाइल पिशवीत टाकला आणि शेजारी बसले.

तासभर आम्ही काहीही केलं नाही. माळी पाइपनं पाणी मारत होता. दिवसभर तापलेल्या मातीतून वाफ आणि वास एकदमच वर आला. कुठेतरी उंचावर तांबट पक्षी ठोकत होता, टुक् टुक् टुक्, तांब्याच्या हंड्यावर हातोडी पडावी तसा, न थांबता, एका लयीत. कडुनिंबाचा उरलासुरला मोहोर गळत होता. त्याची बारीक फुलं सासूबाईंच्या पांढऱ्या केसांत पडत होती आणि त्या ती झटकत नव्हत्या. घसरगुंडीचा पत्रा अजून तापलेला होता. दोन पोरांनी आपल्या बाटलीतलं पाणी आधी वरून ओतलं, हात लावून पाहिला, मग घसरली. पलीकडच्या बाकावर स्पर्धा परीक्षेचं जाडजूड पुस्तक छातीवर उपडं ठेवून एक मुलगा गाढ झोपला होता. सासूबाई खूप वेळानं म्हणाल्या, "अडीच महिने नुसतं छताकडं बघत होते गं. वर पान हलताना दिसलं की बरं वाटतं."

घरी परतताना त्यांना तेरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावून पाहिलं होतं.

अशा बरं वाटण्याला आधार आहे. १९८४ साली रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकाचा एक छोटा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, समोर विटांची भिंत असणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. ४६ ही संख्या लहान आहे. एवढ्यावर कोणी सिद्धान्त उभारू नये. पण झाडाकडे बघत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं, असं म्हणणाऱ्यांना तो अभ्यास दाखवायला हरकत नाही.

बागेत बसल्या बसल्या सासूबाईंनी त्यांच्या गावाचा पार आठवला. त्या निफाड तालुक्यातल्या. मारुतीसमोर वड, वडाला दगडी पार. शेतावरून परतणारा तिथे टेकायचा, एसटीची वाट पाहणारा टेकायचा, परगावचा वाटसरू तर रात्रभर झोपायचा. पाराला कुलूप नसतं, असं त्या म्हणाल्या आणि लगेच त्यांनीच पुढचंही सांगितलं. त्या पारावर त्या स्वतः कधी बसल्या नव्हत्या. लग्न होऊन आल्यापासून पदर पुढे ओढून, खालमानेनं त्याच्यासमोरून जायचं, एवढाच त्यांचा पाराशी संबंध. आणि गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसांना तर तिथे बसूच देत नसत.

हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण जुन्या गावाच्या आठवणीत आपण फार चटकन रमतो. याच नाशिकमध्ये काळाराम मंदिराच्या दारासाठी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि तो जवळपास पाच वर्षं चालला. बागेच्या कुलुपाची त्या लढ्याशी बरोबरी मी करणार नाही, ती होऊच शकत नाही. मला एवढंच सांगायचं आहे की शहरातली सार्वजनिक बाग ही पाराहून मोठी गोष्ट आहे. तिच्या फाटकाशी कोणी आडनाव विचारत नाही. बाई आहे की पुरुष, कुठल्या वस्तीतून आली, चप्पल कसली आहे, कोणी पाहत नाही. पाराला जे जमलं नाही ते बागेला जमू शकतं. म्हणून तिचं फाटक बंद दिसलं की जास्त लागतं.

मुळात सार्वजनिक बाग ही कल्पना पुढे आली तीच कष्टकऱ्यांना समोर ठेवून. इंग्लंडमध्ये गिरण्यांची शहरं फुगली, माणसं कोंदट खोल्यांत दाटीनं राहू लागली, तेव्हा १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या एका समितीनं कामकरी माणसांना फिरायला, बसायला मोकळ्या जागा हव्यात असा अहवाल दिला. १८४७ मध्ये लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेड गावात सार्वजनिक पैशातून बांधलेलं उद्यान सर्वांना खुलं झालं. ज्याच्याकडे स्वतःचं अंगण आहे त्याला बागेची तेवढी गरज नव्हती. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी ती होती.

आता आमच्या पाटीवरच्या वेळा पुन्हा वाचा. सकाळी ६ ते १० कोण मोकळं असतं? चालायला येणारे. संध्याकाळी ४.३० ते ८.३०? पुन्हा चालायला येणारे, लहान मुलं आणि ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा. या सगळ्यांना घर जवळ आहे, घरी पंखा आहे, बऱ्याच जणांकडे कूलर नाहीतर एसी आहे. मी त्यांच्यातलीच आहे, रोज पहाटे सहा फेऱ्या मारते, आणि चालणाऱ्यांविषयी माझ्या मनात काडीचाही आकस नाही. पण वेळा ठरल्या त्या आमच्या सोयीनं. आमचा ग्रुप आहे, आमच्यात निवृत्त अधिकारी आहेत, आम्ही निवेदन देऊ शकतो. ट्रॅकवर खडी उखडली तर आठवड्यात दुरुस्त होते. भिंतीला टेकून बसलेल्या चौघींचा ग्रुप नाही.

दुपारी सावली कोणाला लागते, हे एकदा मुद्दाम फिरून पाहावं. बारा वाजता सकाळची घरं संपवून दोनला पुढची घरं धरणाऱ्या बायका. दोन बंगल्यांच्या मध्ये मोटारसायकल लावून पुढच्या ऑर्डरची वाट बघणारी पार्सलवाली पोरं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून पहिली पाळी करून तीनला सुटलेले आणि दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत झोप न लागणारे कामगार. दवाखान्यात नंबर लावून बसायला जागा न मिळालेले खेड्यावरचे पेशंट आणि त्यांची माणसं. अभ्यासिकेत पाठ अवघडलेली मुलं. यातले कितीतरी जण दुपारी उड्डाणपुलाखाली बसतात. द्वारका ते मुंबई नाका या पट्ट्यात पुलाचे खांब हीच त्यांची झाडं. दोन्ही बाजूंनी हायवेच्या गाड्यांचा धूर, आवाज, आणि मध्ये ही माणसं कागद पसरून जेवतात. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर बाग असते आणि ती बंद असते.

आणखी एक गोष्ट मला टोचते. बसणं या क्रियेलाच आपण संशयाच्या नजरेनं बघू लागलो आहोत. बागेत गेलं की काहीतरी केलं पाहिजे. चाला, पळा, ग्रीन जिमचं चाक फिरवा, हास्य क्लबात हसा, प्राणायाम करा. एखादा तरुण दुपारी नुसता बसला तर तो टवाळ ठरतो. एखादी बाई एकटी नुसती बसली तर तिला दहा मिनिटांत कोणीतरी विचारतं, "कुणाची वाट बघताय का?" मला हा प्रश्न तीनदा विचारला गेला आहे, माझे केस पांढरे असूनही. तरुण मुलीचं काय होत असेल? बाईच्या वाट्याला दिवसभरात स्वतःचा असा रिकामा अर्धा तास फार क्वचित येतो. घरी बसली की घर तिला उठवतं. मुलाला पाणी हवं असतं, सासऱ्यांचा चहा असतो, वाळत घातलेले कपडे असतात. बागेतला बाक हीच अशी जागा आहे जिथे तिला कोणी काही मागत नाही.

कॉलनीच्या बैठकीत मी दुपारी बाग उघडी ठेवण्याचा विषय काढला. विरोध होईल हे ठाऊक होतं, पण तो इतका एका सुरात होईल असं वाटलं नव्हतं. दुपारी जोडपी येतील. पिणारे येतील. बाहेरचे लोक येतील. घाण होईल. माळ्यांना काम करता येणार नाही. रखवालदार कुठून आणायचा?

पिणाऱ्यांचं आधी घेते, कारण ती भीती खरी आहे. आमच्या बागेच्या मागच्या भिंतीत एका ठिकाणी दोन विटा निघाल्या आहेत. तिथे पाय ठेवला की तरणाताठा माणूस सहज आत उतरतो. करंजाच्या मागे रोज सकाळी बाटल्या, प्लास्टिकचे ग्लास आणि गुटख्याच्या पुड्या असतात, आणि माळी त्या गोळा करतो. म्हणजे कुलूप असतानाच हे चालू आहे. कुलपानं अडवलं कोणाला? ज्यांना भिंत चढता येत नाही त्यांना. म्हाताऱ्यांना, डबा घेतलेल्या बायकांना, लहान मुलांना. निर्मनुष्य जागा दारू पिणाऱ्याला हवीच असते, आणि दुपारी साडेसहा तास ती आपण त्याला तयार करून देतो. तिथे दहा बायका जेवत बसल्या, चार म्हातारे पत्ते खेळत बसले, पोरं अभ्यास करत बसली, तर बाटली घेऊन येणाऱ्याला दुसरी जागा शोधावी लागेल. माणसांची वर्दळ हीच बागेची खरी राखण.

जोडप्यांविषयी मला जे वाटतं ते मी बैठकीतही स्पष्ट बोलले. दिवसाउजेडी बाकावर बसून बोलणारी दोन मुलं हा गुन्हा नाही. ज्यांच्या खिशात कॅफेचे तीनशे रुपये आहेत त्यांना कोणी हटकत नाही. ज्यांच्याकडे नाहीत त्यांना बागेतून हाकलतात. कोणी असभ्य वागलं तर त्याला रखवालदारानं समज द्यावी, जशी ती मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावणाऱ्यालाही द्यावी. पण दोन तरुण एकमेकांशी बोलतील म्हणून अख्ख्या शहराची सावली बंद करायची, हा न्याय मला कोणीतरी समजावून सांगावा.

बाहेरचे लोक येतील, या आक्षेपाला मात्र मला थोडं सविस्तर उत्तर द्यायचं आहे, कारण तो घेणाऱ्यांना तो अगदी न्याय्य वाटतो. प्लॉट आम्ही घेतले, ओपन स्पेसचे पैसे आमच्या प्लॉटच्या भावात वसूल झाले, मग बाग आमची. यातला अर्धा भाग खरा आहे. आपल्याकडे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट करताना १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते, आणि कॉलन्यांमधल्या कितीतरी बागा याच ओपन स्पेसवर उभ्या आहेत. पण त्या जागेवर झाडं लावली, पाण्याची लाइन आणली, बाक टाकले, खेळणी बसवली, माळी ठेवले, ते सार्वजनिक पैशातून. तो पैसा माझ्या घरी भांडी घासणाऱ्या बाईच्याही करातून येतो. तिची घरपट्टी माझ्याइतकी नसेल, पण साबणाच्या वडीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत ती प्रत्येक वस्तूवर कर भरते. आणि हिशेब क्षणभर बाजूला ठेवला तरी, जी बाई कॉलनीतल्या पाच घरांच्या चाव्या सांभाळते ती त्याच कॉलनीच्या बागेत बाहेरची कशी?

मोकळी जागा ही कोणी दिलेली बक्षिसी नाही, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयानंही मानलं आहे. बंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखून ठेवलेला एक भूखंड खासगी रुग्णालयासाठी एका ट्रस्टला देण्यात आला होता. परिसरातले रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप बेकायदा ठरवलं. रुग्णालय तर लोकांच्या उपयोगाचंच, तरीही उद्यानाची जागा त्यासाठी देता येणार नाही, असा तो निकाल होता. उद्यानासाठी राखलेल्या जागेवर लोकांचा हक्क इतका पक्का असेल, तर त्या हक्काला रोज साडेसहा तास साखळी लावताना निदान कोणीतरी कारण सांगायला हवं. आमच्या बागेच्या वेळा कोणी ठरवल्या, कधी ठरवल्या, कोणाला विचारून ठरवल्या, हे मी बाग सांभाळणाऱ्या कार्यालयात जाऊन विचारलं. पहिल्यापासून अशाच आहेत, एवढंच उत्तर मिळालं.

अडचणीचं मूळ मला कायद्यातही दिसतं. ज्या १९४९च्या अधिनियमावर राज्यातल्या बहुतेक महापालिका चालतात, त्यात कामांचे दोन गट आहेत. पाणी, गटारं, दिवाबत्ती, साफसफाई ही करावीच लागणारी कामं. उद्यानं आणि खेळाची मैदानं मात्र स्वेच्छेच्या यादीत, म्हणजे जमलं तर करा. पुढे १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बगीचे, मैदानं या नागरी सुविधा म्हणून नोंदवल्या. पण सवय जुनीच राहिली. बाग म्हणजे शोभा, उद्‌घाटनाची फीत, निवडणुकीआधीची नवी खेळणी. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर नाशिकमध्ये कित्येक वर्षं निवडून आलेला नगरसेवकच नव्हता, तेव्हा तर बागेचं गाऱ्हाणं सांगायचं कोणाला, हाही प्रश्न होता. पाणी आलं नाही तर आपण मोर्चा काढतो. सावली मिळाली नाही म्हणून कोणी मोर्चा काढत नाही.

सावलीसाठी नाशिककर कधीच उठले नाहीत असं मात्र म्हणता येणार नाही. २०२७च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायला तपोवनातली सुमारे १,८०० झाडं काढण्याचा प्रस्ताव २०२५च्या नोव्हेंबरात समोर आला, तेव्हा शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत माणसं तिथे जमली. झाडांना मिठ्या मारून उभी राहिली. आपल्या शहराचा निम्मा इतिहास ज्या पंचवटीत आहे तिचं नावच पाच वडांवरून पडलेलं, त्यामुळे तो राग अगदी आतून आला होता. मला त्या गर्दीत उभं राहून जे वाटलं तेच बागेच्या फाटकाशी वाटतं. झाड तोडलं की सावली जाते हे दिसतं. झाड जिवंत ठेवून त्याच्या सावलीला कुलूप लावलं तर ते मात्र कोणाच्या डोळ्यांत येत नाही.

दुपारी बाग उघडी ठेवायची म्हटली की बागेचं रूपही बदलावं लागेल, आणि ते बदलावंच. सध्याची मांडणी संध्याकाळसाठी आहे. मधोमध हिरवळ, तिच्यावर जाऊ नका अशी पाटी, कडेनं पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, एक कारंजं, रंगीत दिवे. हिरवळ पाणी पिते आणि सावली देत नाही. पेव्हर ब्लॉक तापतो आणि रात्रीपर्यंत तापलेलाच राहतो. कडुनिंब, वड, पिंपळ, करंज, बकुळ, ताम्हण अशी आपल्या मातीतली झाडं लावली की पहिली दोन-तीन वर्षं सांभाळावी लागतात, नंतर ती माणसांना सांभाळतात. आणि बाक झाडाखाली हवेत. आमच्या बागेत नवे सहा लोखंडी बाक बसवले, ते सहाही उन्हात. मे महिन्यात त्यांना हात लावून पाहा.

आणि स्वच्छतागृह. याविषयी मी थोडक्यात लिहिते, कारण जास्त लिहिण्याची गरजच नाही. बायकांना दिवसभर वापरता येईल असं, पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह नसेल तर बाग बायकांसाठी उघडी आहे असं कोणी म्हणू नये. त्या चौघी दुपारी पाणी कमी पितात. का, ते प्रत्येक बाई जाणते.

खर्च किती वाढेल? रखवालदाराची एक पाळी. माळ्यांचं काम अडत नाही. पाणी सकाळी आणि संध्याकाळी मारायचं असतं, आणि छाटणी करताना तेवढा कोपरा दोरी लावून बंद ठेवता येतो. बंगळुरूनं २०२४ मध्ये आपली उद्यानं पहाटे ५ ते रात्री १० सलग उघडी ठेवायचं जाहीर केलं. आपल्यालाही सगळ्या शहराचं एकदम करायला नको. मार्च ते जून, प्रत्येक प्रभागात एक बाग, जिथे झाडं मोठी आहेत ती. चार महिने पाहू. काय बिघडतं, कोण येतं, किती कचरा होतो, त्याची नोंद ठेवू. एका संगीत कारंज्याच्या पैशात अशा किती पाळ्या निघतील, याचा हिशेब मांडायला फार मोठं गणित येण्याची गरज नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक दुपारी मला बागेचं फाटक उघडं दिसलं. आत पाइपलाइन फुटली होती, दुरुस्तीचे लोक आले होते आणि माळ्यानं साखळी नुसती अडकवून ठेवली होती. त्या चौघी आत होत्या. जेवण झालेलं होतं. डबे नळाखाली धुऊन बाकावर पालथे घातले होते. तिघी गप्पा मारत होत्या, आणि माझ्याकडे येणारी ती पदराची घडी उशाला घेऊन कडुनिंबाखालच्या कट्ट्यावर आडवी झाली होती. डोळे मिटलेले, चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या. मी आत गेले नाही, फाटकाशीच थांबले. तिघींपैकी एकीनं मला पाहिलं आणि तिला उठवायला हात पुढे केला. मी लांबूनच नको म्हणून खूण केली. पावणेदोनला ती आपणहून उठली, केस सारखे केले, पदर झटकला, आणि चौघी पुढच्या घरी गेल्या. पाइपलाइन संध्याकाळी दुरुस्त झाली.